कचऱ्याचा कस

वाचकहो, दोन शेजारणी भाषा एकच शब्द किती निराळ्या अर्थांनी वापरतात, याचे नवल अनुवादाचे काम करणाऱ्या माणसाला पदोपदी वाटत असते. कन्नड भाषेत केरकचऱ्याला ‘कस’ म्हणतात. ओला कचरा तो ‘हसि कस’ आणि सुका कचरा तो ‘ओण कस’. मराठीत मात्र ‘कस’ म्हणजे सत्त्व. जमिनीला कस असतो, सोन्याचा कस लावतात आणि प्रसंग पडला म्हणजे माणसाचाही कस लागतो. एका भाषेने जे टाकून दिले, ते दुसरीने सार म्हणून उचलले, असा हा प्रकार आहे.

हा केवळ योगायोग आहे, हे मी जाणते. त्यातून व्युत्पत्तीचा एखादा सिद्धांत काढण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु गेली सहा वर्षे बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या कडेला संसार करताना मला असे वाटू लागले आहे की, घरातून बाहेर पडणारी वस्तू कन्नड अर्थाने कस राहावी की मराठी अर्थाने कस व्हावी, हे आपल्या हातून घडणाऱ्या एका अगदी लहान क्रियेवर अवलंबून असते. ती क्रिया म्हणजे मिसळणे. नगरपालिकेच्या तिजोरीचा, पौरकार्मिकांच्या आरोग्याचा आणि शहराबाहेरच्या खेड्यांच्या सुखदुःखाचा संबंध या एका क्रियेशी किती निकटचा आहे, हेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्यापैकी ज्यांनी पीण्या पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. शहराच्या वायव्येस, तुमकुरूकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, १९७० च्या दशकात ही औद्योगिक वसाहत आकारास येऊ लागली. आज येथे हजारो लहानमोठे कारखाने आहेत. कोठे यंत्रांचे सुटे भाग कातले जातात, कोठे मुलामा चढविला जातो, कोठे कपडे शिवले जातात. २०१४ च्या मार्च महिन्यात मेट्रो रेल्वे येथवर आली आणि ‘पीण्या इंडस्ट्री’ या नावाचे स्थानकच उभे राहिले. कारखान्यांच्या मधून आणि भोवताली कामगारांच्या दाट वस्त्या आहेत. त्यांत कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया अशा अनेक भाषा कानी पडतात, आणि बेळगाव-निपाणीकडून आलेल्या आमच्यासारख्या मराठी बिऱ्हाडांचीही त्यात भर पडते. तेव्हा येथे दोन प्रकारचा कचरा निर्माण होतो: एक कारखान्यांचा आणि दुसरा घरांचा. पैकी पहिल्याने दुसऱ्याला शिकवावे असे बरेच काही आहे.

माझे यजमान येथल्या एका लहानशा कारखान्यात पर्यवेक्षक आहेत. तेथे लेथ यंत्रावर पितळेचे, पोलादाचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग कातले जातात. कातताना धातूचा जो कीस निघतो, तो ते कामगार कधीही एकत्र होऊ देत नाहीत. पितळेचे काम संपवून पोलादाचे काम हाती घ्यावयाचे असेल, तर आधी यंत्राखालचा तबकासारखा भाग स्वच्छ झाडून घेतला जातो. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. शुद्ध पितळेच्या किसाला भंगारवाला चांगला भाव देतो, आणि पोलादाच्या किसालाही त्याचा म्हणून एक भाव ठरलेला असतो. दोन्ही मिसळले की मात्र तो माल हातात घेऊन मान हलवितो. लोखंड लोहचुंबकाने वेगळे काढता येते, हे खरे. परंतु त्या कामाची मजुरी तो भावातून कापून घेतो, आणि पितळ-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रणापुढे तर चुंबकाचेही काही चालत नाही. माल तोच, वजन तेच. केवळ मिसळल्यामुळे त्याची किंमत गेली. हा हिशेब तेथल्या नव्या उमेदवारालाही पहिल्या महिन्यात कळतो.

आपल्या मराठी माणसांना तर हे ज्ञान नवे नाही. सराफाच्या दुकानातील केर विकत घेऊन, तो धुऊन गाळून त्यातून सोन्याचे कण काढणाऱ्या झारेकऱ्यांचा व्यवसाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त भागातून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक आज देशभरातल्या सराफ पेठांतून सोनेचांदी गाळण्याचे काम करीत आहेत. केरात सोने असते, हे त्यांना ठाऊक आहे. परंतु सराफाने आपल्या दुकानाचा केर रस्त्यावरच्या केरात मिसळू दिला नाही, म्हणून ते सोने हाती लागते, हेही त्यांना तितकेच ठाऊक आहे.

आता कारखान्यातून स्वयंपाकघरात येऊ. आपल्या घरच्या कचऱ्याचा सर्वांत जड भाग कोणता? भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेले अन्न. भारतीय शहरांत घरगुती कचऱ्यापैकी सुमारे निम्मा, कित्येकदा त्याहूनही अधिक, असा ओला असतो. या ओल्या कचऱ्यात बहुतांशी पाणीच असते. दुधी भोपळ्याची साल किंवा कलिंगडाची फोड हातात घेऊन पाहा, म्हणजे याची खात्री पटेल. नगरपालिकेची मालमोटार जेव्हा हा कचरा वीस-तीस किलोमीटर दूर नेऊन टाकते, तेव्हा डिझेल जाळून ती मुख्यतः पाणी वाहून नेत असते. घनकचऱ्यावर नगरपालिका जो खर्च करतात, त्याचा फार मोठा भाग गोळा करण्यात आणि वाहण्यात जातो. शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे त्या कचऱ्याचे काही चांगले करण्यावर, खर्च करावयास त्यांच्याजवळ फारसे काही उरत नाही.

पुढची गोष्ट याहून गंभीर आहे. हाच ओला कचरा वेगळा राहिला, त्याला हवा मिळाली आणि कोरडा पाला किंवा लाकडाचा भुसा यांची जोड मिळाली, तर दीड-दोन महिन्यांत त्याचे मातकट वासाचे खत होते. परंतु तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला गेला आणि ढिगाखाली दडपला गेला, म्हणजे हवेवाचून कुजू लागतो. त्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो. काळे, दूषित पाणी झिरपून विहिरीत उतरते. कागदाला ओल लागली की कागदाचा भाव जातो, आणि खतात काच किंवा औषधाची पट्टी आली की शेतकरी ते खत नाकारतो. म्हणजे ओल्याने सुके बिघडविले आणि सुक्याने ओले बिघडविले. दोन उपयुक्त वस्तूंपासून एक निरुपयोगी वस्तू निर्माण करण्याची ही किमया आपण रोज सकाळी, एका पैशाच्याही लाभावाचून, करीत असतो.

बंगळूर शहराला या किमयेची किंमत मोजावी लागली आहे. २००७ साली शहराच्या भोवतालच्या सात नगरसभा, एक पुरसभा आणि शंभराहून अधिक गावे एकत्र करून बृहत् बंगळूर महानगरपालिका निर्माण करण्यात आली. आमच्या शेजारची दासरहळ्ळी ही त्या सात नगरसभांपैकीच एक. शहर एकाएकी फार विस्तारले, आणि त्याचा कचरा मावळ्ळीपुरा, मंडूर अशा शहराबाहेरच्या खेड्यांच्या शिवारात जाऊन पडू लागला. आपल्या विहिरींचे पाणी बिघडले, माशा आणि दुर्गंधी यांनी जगणे कठीण झाले, अशी तेथील ग्रामस्थांची तक्रार होती. २०१२ साली मावळ्ळीपुऱ्याचे मैदान बंद झाले आणि शहरात रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग साचले. मंडूरच्या लोकांनीही गाड्या अडविल्या. अखेर २०१४ च्या नोव्हेंबरनंतर तेथेही कचरा टाकणे थांबवावे लागले. पुढे बेल्लहळ्ळी, मिट्टगानहळ्ळी येथील दगडांच्या जुन्या खाणी भरल्या जाऊ लागल्या. वाचकहो, ‘कचरा शहराबाहेर गेला’ असे आपण म्हणतो. परंतु शहराच्या बाहेर जी जागा असते, ती कोणाच्या तरी गावाच्या आत असते.

ज्ञानाचा अभाव होता, असे म्हणता येणार नाही. कचऱ्यापासून खत करण्यासाठी कर्नाटकात कंपोस्ट विकास महामंडळाची स्थापना १९७५ सालीच झाली होती. याच शहरात राहणाऱ्या श्रीमती अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि तिच्या पाठपुराव्यातूनच २००० साली देशातील पहिले नागरी घनकचरा नियम झाले. १ ऑक्टोबर २०१२ पासून बंगळूरमध्ये कचऱ्याचे वर्गीकरण सक्तीचे करण्यात आले. १७ डिसेंबर २०१५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तर शाळकरी मुलालाही कळावी अशी पद्धत घालून दिली: ओल्यासाठी हिरवी बादली, स्वच्छतेच्या व आरोग्याच्या दृष्टीने टाकाऊ अशा वस्तूंसाठी लाल बादली, आणि सुक्यासाठी एक पिशवी. त्यानंतर २०१६ साली केंद्र सरकारच्या नव्या नियमांनी हेच तत्त्व साऱ्या देशाला लागू केले. नियम झाले, न्यायालयांनी आदेश दिले. उणीव राहिली ती ओट्यापासून दारापर्यंतच्या चार पावलांची. तेथवर कोणत्याही न्यायालयाचा हात पोहोचत नाही.

पैशाचा विचार आपण सहसा करीत नाही, म्हणून तोही करू. २०२५ च्या एप्रिलपासून बंगळूरमध्ये घनकचऱ्यासाठी मालमत्ता कराबरोबर शुल्क आकारावयाचे ठरले. सहाशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला महिना १० रुपये, आणि घर जसजसे मोठे तसतसे वाढत जाऊन चार हजार चौरस फुटांच्या वर ४०० रुपये, असे त्याचे दर ठरविण्यात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महानगरपालिकेच्या जागी पाच स्वतंत्र नगरपालिका आणि त्यांच्यावर एक बृहत् प्राधिकरण आले. व्यवस्थेचे नाव बदलले, तरी तिजोरीचे मोजमाप एकदम बदलत नाही. महिना १० रुपये म्हणजे दिवसाला साधारणतः ३३ पैसे. गाडी, चालक, मदतनीस, डिझेल, निवडणारे हात, खताचे शेड हे सगळे ३३ पैशांत आपल्या दारापर्यंत यावे, अशी आपली अपेक्षा असते. उरलेला पैसा दुसरीकडून येतो. आणि ती दुसरीकडची जागा म्हणजे बहुधा रस्त्यावरचा दिवा, अंगणवाडीचे छप्पर किंवा गटाराची दुरुस्ती असते. घरात खर्चाचा मेळ बसविणाऱ्या गृहिणीला हे समजावून सांगावयास नको. एका डब्यातून काढले की दुसऱ्या डब्यात कमी पडते, हे तिला अर्थशास्त्रज्ञापेक्षा आधी कळते.

गेल्या वर्षी या विषयावरील एका लेखाचा अनुवाद करीत असताना मला काही शब्द अडले, म्हणून मी आमच्या भागाजवळच्या सुका कचरा संकलन केंद्रात गेले. बंगळूरमध्ये अशी शंभराहून अधिक केंद्रे उघडण्यात आली, आणि त्यांपैकी बऱ्याच केंद्रांचा कारभार पूर्वी रस्त्यावर कागद-काच वेचणाऱ्या लोकांच्या हाती आला, ही या शहराची एक अभिमानास्पद गोष्ट आहे. पत्र्याच्या छपराखाली चार-पाच स्त्रिया ढिगापुढे बसल्या होत्या. पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे, पाण्याच्या बाटल्या एकीकडे. त्यातही झाकण वेगळे, बाटली वेगळी. त्यांच्यापैकी प्रौढ वयाच्या एका बाईंच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. पावाच्या रिकाम्या पिशवीत कोणीतरी दाढीचे पाते टाकले होते. मी त्यांना विचारले, “अक्का, तुमच्या या निवडण्याच्या कामाला तुम्ही काय म्हणता?” त्या हसल्या आणि कन्नडमध्ये जे बोलल्या त्याचा अर्थ असा: “निवडतो कुठं आम्ही? दुसऱ्यांनी कालवलेलं सोडवत बसतो.”

मला हवा होता तो शब्द मिळाला नाही. परंतु त्याहून मोलाचे काही मिळाले. त्यांच्या केंद्राचे उत्पन्न म्हणजे विकल्या गेलेल्या वस्तूंचा पैसा. पुठ्ठा, वर्तमानपत्र, धातू, बाटल्या, दुधाच्या पिशव्या यांना गिऱ्हाईक असते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना नसते. कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांस असे चिकटविलेले असतात की ते सुटे होत नाहीत. अशी पाकिटे शेवटी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. म्हणजे तेथेही मिसळण्याचाच दोष. फक्त तो आपल्या ओट्यावर न होता कारखान्यात झालेला. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की तो पुठ्ठा विकाऊ मालातून गेला. दुधाची पिशवी न धुता टाकली की दोन दिवसांत तिला अशी दुर्गंधी येते की तिच्याजवळ बसणेही कठीण व्हावे. तेव्हा आपण ती पिशवी विसळण्यास जे अर्धे मिनिट देतो, ते नगरपालिकेला नव्हे, तर त्या अंगठ्याला आणि त्या बाईंच्या दिवसाच्या मिळकतीला दिलेले असते.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल की, हा सर्व दोष लोकांच्या आळसाचा आहे. तसे मला म्हणावयाचे नाही. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाखाली कचऱ्याचा एक ढीग नेहमी असे. त्याला सारेजण नावे ठेवीत, आणि रात्री तो पुन्हा वाढे. आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडे आहेत. एका रविवारी जिन्यात सहज बोलणे निघाले, तेव्हा कळले की त्यांपैकी सात घरांतील माणसे पाळीवर कामाला जातात. कचऱ्याची गाडी सकाळी सातच्या सुमारास येते. पहिल्या पाळीची माणसे त्यापूर्वीच निघून गेलेली असतात. रात्रपाळीची नुकतीच येऊन झोपलेली असतात. एका खोलीत चौघे तरुण राहतात; तेथे तीन डबे ठेवावयास जागाच नाही. मग दोन दिवसांची पिशवी हातात घेऊन कामावर निघालेला माणूस ती कोपऱ्यावर ठेवतो, याचे नवल ते काय? ज्याला आपण दुर्गुण म्हणत होतो, तो वस्तुतः वेळापत्रकाचा प्रश्न होता.

त्या दिवशी जिन्यात वादही झाला. एक शेजारी म्हणाले, “आम्ही कर भरतो. कचरा नेणे हे सरकारचे काम. आम्ही का निवडत बसावे?” त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. कर भरणाऱ्याला सेवा मागण्याचा अधिकार आहेच. माझ्या सासूबाई मात्र म्हणाल्या, “सरकारनं न्यायचं खरं, पण आपल्या घरातलं काय कशात घातलं, ते सरकारला कसं कळणार?” सासूबाईंचे सारे आयुष्य निपाणीजवळच्या एका खेड्यात गेले. त्यांच्या परसात उकिरडा होता, आणि उकिरडा ही त्या घराची ठेव होती. शेण, गोठ्यातील गवत, चुलीची राख, भाजीचा पाला सारे त्यात जाई. वैशाखात गाड्या भरून ते खत शेतात पडे. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे; पण शेतकऱ्याच्या घरी तो दरवर्षीच फिटत असे. त्या सांगतात की, उकिरड्यात काय टाकावयाचे नाही, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. काच सापडली तर घरभर चौकशी होई. कारण त्या खतातून उद्या अनवाणी पायांनी चालावयाचे असे.

अखेर तोडगा निघाला तो अगदी साधा. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत झाकणाचे दोन मोठे डबे आणि एक पोते ठेवले. बारा घरांनी मिळून त्यांची किंमत भरली. तळमजल्यावर एक वृद्ध अम्मा असतात. त्या पहाटेच उठतात. गाडी आली की डबे बाहेर नेण्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले, आणि डबे जड असतात म्हणून शाळेत जाणारी दोन मुले त्यांना हात लावतात. डब्यांवर कन्नड, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत काय कोठे टाकावे ते लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. ‘हसि कस’ या शब्दांखाली ‘ओला कचरा’ लिहिताना मला या लेखाच्या प्रारंभी सांगितलेला तो योगायोग सुचला. ढीग पूर्णपणे नाहीसा झाला, असे मी म्हणणार नाही. इतर इमारतींतून थोडेबहुत येऊन पडतेच. परंतु आमच्या बारा घरांचा वाटा त्यातून वजा झाला, आणि त्यासाठी नगरपालिकेला एक पैसाही अधिक खर्च करावा लागला नाही.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी पीण्याचे रस्ते पाहावेत. येथे त्या सणाला आयुधपूजा म्हणतात. प्रत्येक कारखान्याच्या दाराला केळीचे खुंट बांधतात, प्रत्येक यंत्राला आणि वाहनाला झेंडूची फुले घालतात, आणि दृष्ट काढून कोहळा फोडतात. दुसऱ्या दिवशी हे सारे रस्त्यावर येते. वस्तुतः खतासाठी यापेक्षा उत्तम माल मिळणे कठीण. पाने, खोड, फुले, कोहळे, सारे ओले आणि सारे शुद्ध. त्याच दिवशी ते वेगळे उचलले गेले, तर त्याची माती होईल. परंतु प्रसादाचे प्लॅस्टिकचे पेले आणि रंगीत कागदाच्या पताका त्यातच पडल्या, की दुपारपर्यंत त्याचा ढीग होतो. पितळ आणि पोलाद वर्षभर वेगळे ठेवणारा कामगार त्या एका दिवशीही केळीचा खुंट आणि प्लॅस्टिकचा पेला वेगळा ठेवू शकेल, याविषयी मला शंका नाही. त्याला कोणी तसे सांगितलेले नसते, इतकेच.

लहान तिजोरी असलेल्या गावांनीही हे करून दाखविले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे सुमारे बारा हजार वस्तीचे गाव. तेथील नगरपरिषदेने २०१५ नंतर, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, घराघरांतून वेगळा केलेलाच कचरा घेण्याचा नियम कसोशीने पाळला. पुढे केंद्रावर त्याचे वीसहून अधिक प्रकार केले, ओल्यापासून बायोगॅस काढला, प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यांत वापरले. जेथे पूर्वी कचऱ्याचे आगार होते, ती जागा लोक पाहावयास येऊ लागले. त्याच जिल्ह्यात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाई आणि खत यांची सांगड घालण्यासाठी आयुष्य वेचले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली स्थापन झाली. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. तीन हजारांहून अधिक कष्टकऱ्यांच्या या संस्थेने एक गोष्ट सिद्ध केली: जो हात पूर्वी कचराकुंडीत जाई, तोच हात दारात आला, तर त्याला मान मिळतो आणि कचऱ्यालाही मोल येते.

अर्थात नागरिकाने आपला वाटा उचलल्यावर त्याने मागावयाचे काही उरतेच. आपण वेगळे करून दिलेले गाडीत पुन्हा एकत्र टाकले जात असेल, तर आपले सारे श्रम वाया जातात, आणि लोकांचा विश्वास जातो तो वेगळाच. म्हणून गाडीत दोन कप्पे आहेत का, सुक्याचा दिवस निराळा ठरविला आहे का, पाळीवर जाणाऱ्यांच्या वस्तीत संध्याकाळीही एक फेरी होऊ शकेल का, हे प्रश्न आपल्या नगरपालिकेला जरूर विचारावेत. आपला डबा वेगळा असेल, तर ते प्रश्न विचारताना आपला आवाज अधिक स्थिर राहतो.

वाचकहो, आपण पुण्यात असा की नागपुरात, बडोद्यात असा की इंदुरात, आपल्या घरी पुढील चार गोष्टी करून पाहाव्यात. ओल्यासाठी एक झाकणाचे भांडे ठेवावे आणि त्यात प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. दुधाची पिशवी व डबे विसळून, वाळवूनच सुक्यात टाकावेत. पिशवीचा कापलेला कोपराही पिशवीलाच राहू द्यावा, कारण तो चिमुकला तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही. मुलांचे लंगोट व तत्सम वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून, वर खूण करून वेगळ्या द्याव्यात. आणि पाते, फुटकी काच, सुई, जुनी औषधे व विजेऱ्या यांसाठी एक जुना डबा बाजूस ठेवून तो भरला की नेणाऱ्याच्या हाती सांगून द्यावा. या चारही कामांना मिळून दिवसाकाठी पाच मिनिटे पुरतात. ही पाच मिनिटे घरातील एकाच व्यक्तीच्या वाट्याला येऊ नयेत, एवढी मात्र विनंती आहे. जेवणारे जितके, तितके हात याही कामाला असावेत.

नगरपालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी सभागृहात मांडले जाते, त्यावर चर्चा होते आणि पैसा नेहमीच अपुरा पडतो. त्याहून लहान, परंतु अधिक परिणामकारक असे एक अंदाजपत्रक आपल्या ओट्यावर रोज ठरत असते. त्यात पैशाची तरतूद लागत नाही. लागते ती फक्त लक्षाची. हातातली साल कोणत्या भांड्यात टाकावयाची, एवढाच प्रश्न असतो, आणि तिचे खत व्हावे की मंडूरसारख्या एखाद्या गावाच्या विहिरीत उतरणारे काळे पाणी व्हावे, याचा निर्णय तेवढ्यावरच होतो.